आठवी लाल टोपी

माझी ताई कुणाच्याही शेतावर गेली की पाणी मागत नाही, चहा मागत नाही, आधी ट्रॅक्टरची किल्ली मागते. मालक बिचारा दारात उभा राहून "या, या" म्हणत असतो आणि ही बाई हात पसरून त्याच्यापुढे उभी. किल्ली हातात पडली की ती एप्रनच्या खिशात जाते, खिशाचं बटण लागतं आणि मगच ताई विचारते, "हं, आता बोला. कसे आहात?" ज्या ट्रॅक्टरला किल्ली लटकलेली आहे तो चालूच आहे असं समजायचं, हे तिचं मत. ट्रॅक्टरचं मत तिनं कधी विचारलेलं नाही.

या पद्धतीपायी एकदा ती एका माणसाची किल्ली खिशात घालून तशीच घरी आली. त्याचा ट्रॅक्टर नेमका फाटकात उभा होता, त्यामुळे आतली दूधगाडी आत आणि बाहेरचा चारा बाहेर. तीन तासांनी तो सायकल मारत, घामानं निथळत आमच्या दारात पोचला. दुसरं कुणी असतं तर ओशाळलं असतं. ताईनं त्याच्या हातावर किल्ली ठेवली आणि म्हणाली, "बघ, तीन तासांत तुझ्या घरी कुणालाही काही झालेलं नाही."

ही माझी सख्खी मोठी बहीण. मी साठीला टेकलो तरी मला "धाकट्या" म्हणूनच हाक मारते, तीही चारचौघांत.

ताईनं एकतीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली. डॉक्टर यायचे, वर्षभर कुरकुर करायचे आणि बदली घेऊन जायचे. ताई तिथेच. आमच्याकडे माणसं आजारी कमी पडतात आणि कापून जास्त घेतात. कडबा कापायच्या यंत्रात बोट, कुंपणाच्या तारेवर पोटरी, ट्रॉलीच्या फळीखाली पाऊल. ते सगळं शिवायला ताई. शिवता शिवता तिचं तोंडही चालू असायचं. सुईपेक्षा तोंडच जास्त लागतं, असं लोक म्हणायचे. त्यावरून तिचं नाव पडलं टाकेबाई. समोर अर्थात कुणाची टाप नव्हती. समोर सगळे "सिस्टर, सिस्टर" करत.

तिला माणसांची नावं आठवत नाहीत. जखमा आठवतात. भर बाजारात ती हाक मारते, "अरे ए डावा अंगठा, तुझी आई बरी आहे का?" आणि डावा अंगठाही मुकाट्यानं येऊन आईची तब्येत सांगतो. एकदा एका लग्नात तिनं नवरदेवाकडे बघितलं, भुवया जवळ आणल्या आणि नवरीच्या आईला म्हणाली, "मुलगा चांगला आहे. उजवी मांडी, नऊ टाके. रडला नाही." नवरदेव लाजेनं लालेलाल झाला. सासूबाईंना मात्र फार समाधान वाटलं.

दोन वर्षांपूर्वी ताई निवृत्त झाली. आम्हाला वाटलं, आता बाई जरा स्वस्थ बसेल. तीन महिने बसलीही. त्या तीन महिन्यांत तिनं माझ्या घरातल्या सगळ्या सुऱ्या उंच फळीवर ठेवल्या, जिन्याला धरायला दोर बांधला आणि माझ्या सुनेला भाजी चिरायचं शास्त्र नव्यानं शिकवलं. सून गुणी आहे, पण चौथ्या महिन्यात तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती बघून मीच आरोग्य केंद्रात गेलो आणि म्हटलं, काहीतरी काम असेल तर बघा हो.

काम होतं. केंद्रात नुकताच एक टॅब येऊन पडला होता आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. शेतावर राहणाऱ्या कुटुंबांना, विशेषतः मुलाबाळांच्या घरांना, धोके कुठे असतात ते त्यावर दाखवायचं होतं. शहरातून एक चष्मेवाली इंजिनिअर पोरगी ते शिकवायला आली होती. तिनं समजावून सांगितलं. टॅब डोळ्यांसमोर धरायचा आणि त्यातून आपलंच अंगण बघायचं. गोठा, कोंबड्यांचं खुराडं, पालथी बादली, सगळं आहे तसं दिसतं. फक्त त्यात जे नाही तेही दिसायला लागतं. मोकळ्या जागी धान्य साठवायचं जमिनीतलं उघडं पेव दिसतं, ट्रॅक्टरच्या मागे गरगर फिरणारा दांडा दिसतो, भिंतीला टेकलेली शिडी दिसते. बोट लावून हवं ते हव्या जागी ठेवायचं. याला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात, असं ती पोरगी म्हणाली. ताईनं ते नाव तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा जीभ चावली गेली तेव्हा तिनं जाहीर केलं, "आपण याला पाटी म्हणू."

पाटीचा पहिला प्रयोग माझ्या स्वयंपाकघरात झाला. ताईनं शेगडीसमोरच्या फरशीवर ते पेव उघडलं. काळंकुट्ट, खोल, कडेला धान्य घसरतंय. माझ्या सुनेनं हातात दुधाचं पातेलं असताना सहज पाटीत डोकावून बघितलं, स्वतःच्याच पायाशी तो खड्डा पाहिला आणि अशी काही उडी मारली की दूध छताला लागलं. पाटी बंद झाली, फरशी पुसून झाली. तरी पुढचे दोन दिवस घरातली सगळी माणसं शेगडीकडे जाताना भिंतीला चिकटून, वळसा घालून जात होती. मीसुद्धा. हसू नका. पाय ऐकत नाहीत.

ताई एकदम खूश झाली. "एकतीस वर्षं घसा कोरडा केला," ती म्हणाली, "आणि ही पाटी अर्ध्या मिनिटात काम करते."

मग आमचे दौरे सुरू झाले. ताईला गाडी चालवता येत नाही. तिच्या मते एवढ्या लोखंडाच्या आत माणसानं बसणं हेच मुळात चुकीचं. त्यामुळे माझा जुना पिकअप, आणि चालवायला मी. शेजारी मांडीवर पाटी घेऊन ताई. ती सबंध रस्ताभर मला ब्रेक कुठे आहे ते सांगत असायची.

प्रत्येक शेतावर ठरलेला क्रम. आधी किल्ली. मग जमिनीवर पिवळी दोरी टाकायची आणि सगळ्या पोरांना दोरीच्या मागे उभं करायचं. मग पाटी हातोहात फिरवायची. तिच्यात एक खेळ होता, तो पोरांना सगळ्यात आवडायचा. लाल टोपी घातलेली सात मुलं होती पाटीत. ती ट्रॅक्टरच्या आजूबाजूला कुठेही ठेवायची. चाकाशेजारी बसलेलं एक, ट्रॉलीच्या आडोशाला एक, नांगराच्या मागे एक. मग ट्रॅक्टरच्या मालकाला वर सीटवर बसवायचं आणि पाटीतून चौफेर बघून सांगायला लावायचं, किती टोप्या दिसतात? सात कुणालाच दिसत नसत. कुणी चार म्हणे, कुणी दोन. खालून बायकामुलं "अहो तुमच्या मागे! चाकाखाली!" म्हणून ओरडत. वर बसलेल्या माणसाचा चेहरा हळूहळू उतरायचा. बायकांना हा भाग फार आवडायचा.

पाटीत एकच खोट होती. कधीकधी एखादं मूल जास्तच यायचं. सात ठेवावीत तर आठ दिसायची. एकदा आठवं मूल खुराड्याच्या छपरावर बसलेलं सापडलं, एकदा दुधाच्या कॅनमध्ये कमरेपर्यंत उभं. इंजिनिअर पोरीला फोन केला तर ती म्हणाली, "पाटी जोरात हलली की होतं तसं, दुरुस्त करतोय आम्ही, तोवर सोडून द्या." ताईनं सोडून द्यायला सुरुवात केली. एक जास्त दिसलं की ती म्हणायची, "तो आपला नाही," आणि पुढे जायची.

लोक सुरुवातीला नाक मुरडत होते. पण एका शेतावर एक चांगला शंभर किलोचा गृहस्थ पाटीतला फिरता दांडा अंगावर येतोय असं वाटून दोन पावलं मागे सरला आणि गुरांच्या पाण्याच्या हौदात बसला. खऱ्या हौदात, खऱ्या पाण्यात. तिथे पाणी पीत असलेली गायसुद्धा दचकली. ती बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि तेव्हापासून टाकेबाईंच्या कार्यक्रमाला तोबा गर्दी व्हायला लागली. आज कोण पडतं ते बघायला माणसं चार-चार शेतं ओलांडून येऊ लागली. ताईला कारण कळत होतं. "येऊ देत," ती म्हणायची. "हसायला येतात, पण बघून तर जातात."

आता माझं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी नात पाच वर्षांची आहे. एका जागी टिकत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. बायको गेल्यापासून माझे दिवस फार लांबले होते. शेत तेच, काम तेच, पण बोलायला कुणी नाही. मग एके सकाळी ही भिंगरी धावत आली आणि ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर, मडगार्डवर चढून बसली. मी तिला एका हातानं धरलं आणि एक फेरी मारली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी तिथे हजर. तिला पत्रा टोचतो म्हणून मी जुन्या सोफ्याचा स्पंज कापला, जाड कापड आणलं आणि माझ्या हातानं एक उशी शिवून मडगार्डवर पक्की बसवली. तिथे बसून ती मला सगळ्या गाईंच्या भांडणांची हकिगत सांगायची. खरं सांगतो, त्या उशीवर ती बसली की मला जगावंसं वाटायचं.

चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय मी. धोका बाकीच्यांना असतो, असं माझं ठाम मत होतं.

ताई मला यावरून एका शब्दानं बोलली नाही. जी बाई परक्या माणसाला कात्री उलटी धरली म्हणून झापते, ती माझ्या दारात रोज ती उशी बघत होती आणि गप्प होती. तिनं एकदाच विचारलं, "धाकट्या, त्या उशीला किती टाके घातलेस?"

"बावीस," मी म्हटलं.

"बावीस," ती म्हणाली आणि चहा प्यायला लागली. तो चहा मला गेला नाही.

कारण मला माहीत होतं. तिच्या एकतीस वर्षांत एक दिवस असा होता की ती संध्याकाळी घरी आली आणि कुणालाही रागावली नाही. एका बापानं ट्रॅक्टर मागे घेतला होता आणि त्याचा मुलगा चाकामागे खेळत होता. तिथे शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या मुलाबद्दल ती आजवर अवाक्षर बोललेली नाही, पण तेव्हापासून ती शेतावर गेली की आधी किल्ली मागते. आणि आता तिच्या सख्ख्या भावाच्या ट्रॅक्टरवर भिंगरी बसत होती. तिला मला सांगायचं नव्हतं, मला दिसावं अशी तिची इच्छा होती. मी आपला रोज तिचा ड्रायव्हर होऊन तीच पाटी, तोच खेळ बघत होतो, लोकांच्या फजितीवर खदाखदा हसत होतो, आणि घरी येऊन भिंगरीला मडगार्डवर बसवत होतो.

भिंगरीला मात्र पाटी पाठ झाली होती. ती ताईच्या मागे मागे फिरायची, नियम मोठ्यानं म्हणायची. आधी किल्ली, मग बाकी सगळं. दोरी ओलांडायची नाही. दिसत नाही तिथे बसायचं नाही. तिला ती लाल टोपीवाली मुलं इतकी आवडली की तिनं आईच्या मागे लागून तशीच लाल टोपी विणून घेतली, आणि ती ऐन उन्हातही डोक्यावरून काढेना.

शेवटी ताईनं आमच्याच शेतावर कार्यक्रम लावला. मला न विचारता. सकाळपासून माणसं जमली. दरवेळी दुसऱ्यांना हसणारा आज स्वतः वर बसणार, ही बातमी कुणी पसरवली ते मला माहीत आहे. सून त्या दिवशी फार आनंदात चहा ओतत होती.

ताईनं हात पसरला. मी किल्ली दिली, अगदी शहाण्यासारखी. इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, जी तेव्हा ताईलाही ठाऊक नव्हती. माझ्या ट्रॅक्टरच्या किल्लीचं भोक वर्षभरापासून झिजून गेलं होतं. ती किल्ली नुसती शोभेला. ट्रॅक्टर मी पेचकसानं चालू करायचो. पेचकस भोकात घालायचा, थोडा दाबायचा आणि फिरवायचा, की पठ्ठ्या सुरू. तो पेचकस सीटखालच्या पत्र्याच्या डब्यात असायचा. दुरुस्तीला मला वेळ नव्हता. लोकांना सुरक्षितता शिकवायला मी गाडी घेऊन गावभर हिंडत होतो ना.

मी वर बसलो. दोरीच्या मागे पोरांची रांग, त्यांच्या मागे मोठी माणसं, सगळे ट्रॅक्टरच्या तोंडासमोर, जरा बाजूला. ताईनं पाटीत सात मुलं ठेवली, दोरीमागच्या पोरांना ती एकदा दाखवली आणि पाटी माझ्या हातात दिली. "नीट बघ. घाई नाही."

मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मान मोडेस्तोवर मागे वळलो.

"तीन," मी म्हटलं.

समोरून हास्याचा स्फोट झाला. शंभर किलोचा तो हौदवाला गृहस्थ मुद्दाम आला होता, तो तर डोळे पुसत होता. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ताईनं पाटी खाली घेतली आणि लोकांना दाखवण्यासाठी ती ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला जाऊन जरा लांब उभी राहिली. पाटी डोळ्यांसमोर धरून ती मोजायला लागली. "हा चाकाशेजारी. हा ट्रॉलीपाशी. हे दोघं नांगराच्या मागे..." ती मोजत गेली आणि शेवटी वैतागली. "आठ. सात ठेवली होती, आठ टोप्या दिसतात. परत एक जास्त!"

"तुझ्या पाटीला धड मोजता येत नाही," मी वरून ओरडलो, "आणि ती मला शिकवणार!"

आता लोक ताईला हसले. तीही हसली. "तो आपला नाही," ती म्हणाली.

त्या हसण्यानं मला जोर चढला. मी उभा राहून भाषणच ठोकलं. म्हटलं, "मंडळी, ही पाटीतली पोरं आहेत, हवेची. खरं माणूस मागे असतं तर मला कळलं असतं. चाळीस वर्षं झाली. आत्ता सगळ्यांसमोर ट्रॅक्टर मागे घेऊन दाखवतो. बघू कुणाला धक्का लागतो ते!"

"किल्ली माझ्याकडे आहे," ताई खिशावर हात ठेवून शांतपणे म्हणाली.

"ठेव तुझ्याकडे!" मी म्हटलं आणि सीटखाली हात घालून डबा ओढला.

डब्यात पेचकस नव्हता.

पाना होता, तेलकट फडकं होतं, भिंगरीनं ठेवलेली दोन बिस्किटं होती. पेचकस नव्हता. मी डबा पालथा केला, खिसे चाचपले, सीटखाली वाकलो. लोक पुन्हा हसायला लागले. माझा अगदी तिळपापड झाला. मी गरजलो, "माझा पेचकस कुणी घेतला?"

"माझ्याकडे आहे, आजोबा."

आवाज मागून आला. खालून. मागच्या मोठ्या चाकाच्या अगदी मागून. मी वाकून बघितलं तर चाकाच्या आडून एक लाल टोपी बाहेर आली, तिच्याखाली भिंगरीचा चेहरा, आणि हातात माझा पेचकस.

 मी खाली कसा उतरलो ते मला आठवत नाही.  ताईच्या हातातली पाटी चिखलात पडली होती आणि तिच्याशेजारी ताई बसली होती, स्वच्छ धुतलेल्या एप्रनसकट, चिखलात. एवढ्या वर्षांत मी तिला कामाच्या वेळी कधी खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. भिंगरी तिच्याजवळ गेली तशी ताईनं तिला धरलं आणि डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघायला लागली. हात, कोपर, गुडघे, एकेक बोट. काहीही झालेलं नव्हतं, तरी ती बघतच होती.

"तू दोरीच्या मागे होतीस ना गं?" ताई तिची बोटं तपासत म्हणाली. "इथे कशाला आलीस?"

"ती मुलगी एकटीच मागे बसली होती," भिंगरी म्हणाली. "चाकामागची. कुणाला दिसतच नव्हती. तिला बोलवायला आले." मग आम्हा दोघांचे चेहरे बघून तिला वाटलं, आपल्याला रागावणार. ती घाईघाईनं म्हणाली, "पण मी आधी किल्ली घेतली, आत्याआजी, सगळे हसत होते तेव्हा डब्यातून. तूच म्हणतेस ना, आधी किल्ली. तुझ्याकडे आहे ती खोटी आहे. आजोबांची खरी किल्ली ही आहे."

ताईनं तो पेचकस हातात घेतला. मग माझ्याकडे बघितलं. मी चाळीस वर्षांचा सगळा अनुभव घेऊन मान खाली घालून उभा होतो. मला वाटलं, आता एकतीस वर्षांचा साठा माझ्यावर रिकामा होणार. व्हायला हवा होता. पण ती एवढंच म्हणाली, "मला दिसली होती रे. आठवी टोपी मला दिसली होती." आणि ती रडायला लागली. मग मीही रडलो. सगळ्या लोकांसमोर.  शेवटी तो हौदवाला गृहस्थ पुढे आला आणि आम्हा दोघा भावाबहिणींना एकेका हातानं उचलून उभं केलं. शंभर किलोचा माणूस अशा वेळी उपयोगी पडतो.

त्याच संध्याकाळी मी उशी काढायला बसलो. ताई समोर बसून मोजत होती. बाविसावा टाका कापला तेव्हा ती म्हणाली, "तेविसावा राहिलाय, कोपऱ्यात." बघितलं तर होता. शिवताना मी चुकीचं मोजलं होतं. तिनं उशीकडे बघून पहिल्याच दिवशी ते ओळखलं होतं, पण बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फोन करून मेकॅनिक बोलावला आणि तो किल्लीचं भोक बदलून जाईपर्यंत त्याच्या डोक्यावर बसली. तो म्हणजे उजवं मनगट, पाच टाके. त्यामुळे त्यानं एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही. पाटी चिखलात पडली तरी जिवंत राहिली. दौरे अजून चालू आहेत. आता क्रमात एक गोष्ट वाढली आहे. खेळ सुरू करायच्या आधी ताई दोरीमागच्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं मोजते, आणि पाटीत एक जास्त दिसलं की सगळा कार्यक्रम थांबवून, गुडघे टेकून चाकाखाली बघते. गुडघे दुखतात तिचे. तरी बघते. इंजिनिअर पोरीचा फोन आला होता, म्हणाली, "ती खोट आम्ही काढून टाकली, आता जास्तीचं मूल दिसणार नाही." ताई म्हणाली, "बरं झालं. पण दिसलं तर मी वाकणारच."

आणि माझी सकाळ अशी जाते. स्वयंपाकघरात खिडकीजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर एक खिळा ठोकलेला आहे. ट्रॅक्टरची नवी किल्ली तिथे असते आणि ती काढायचा हक्क एकाच व्यक्तीचा. मी तिथे जाऊन हात पसरून उभा राहतो. भिंगरी लाल टोपी घालते, मला अंगणात घेऊन जाते, ट्रॅक्टरभोवती एक पूर्ण फेरी मारते, प्रत्येक चाकामागे वाकून बघते. कुत्रं असलं तर त्याला हाकलते. मग माझ्या हातावर किल्ली ठेवते, पायरीवर दोरीच्या मागे जाऊन बसते आणि म्हणते, "आता जा, आजोबा. मी इथे आहे. दिसते ना?"

मडगार्ड रिकामं असतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेताच्या टोकापर्यंत जाईस्तोवर मी दहा वेळा मागे वळून बघतो. ती दिसते.